लाल दिवा लागला : आधी व्होल्ट मोजा, मग पैसे मोजा

आम्ही नाहूरहून बोलतोय. नाहूर म्हणजे मुंबईत मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधलं स्टेशन. आमचा बचत गट बारा जणींचा. रोजचे डबे, दिवाळीचा फराळ आणि गणपतीत उकडीचे मोदक, हे आमचं काम. आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर गावाकडचं, कुणाचं सातारा, कुणाचं संगमेश्वर, कुणाचं जुन्नर. त्यामुळे आज हे बोलताना आपल्याच घरातल्या बायकांशी बोलल्यासारखं वाटतंय.

विषय ऐकून काहीजणी हसतील. आज पाककृती नाही, शिवण नाही. गाडीतल्या लाल दिव्याबद्दल बोलायचंय. गाडीची चावी फिरवली की समोर मीटरमध्ये छोटे दिवे लागतात. त्यातला एखादा गाडी चालू असताना लागला तर काय करायचं? आता पुष्कळ गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाकडे जुनी व्हॅन, कुणाकडे जीप, कुणाकडे छोटा हत्ती. गाडी जुनी असते, कर्ज नवं असतं. अशा वेळी एक दिवा महिन्याची कमाई खाऊन जातो. आमची खाल्ली, म्हणून सांगतोय.

आमची व्हॅन पंधरा वर्षं उलटून गेलेली, दुसऱ्याकडून घेतलेली. गटाच्या कर्जातून घेतली. आमच्यातल्या दोघी ती चालवतात. आषाढात एके दिवशी बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. पूर्ण नाही, मिणमिणता. दिवसा दिसायचा नाही, रात्री हेडलाइट लावला की दिसायचा. वायपर चालू केला की आणखी उजळायचा. आम्ही गॅरेजमध्ये गेलो. तिथे सांगितलं, बॅटरी गेली. नवी टाकली, ४२०० रुपये. चार दिवस बरे गेले. महिनाभरात नव्या बॅटरीवरही सेल्फ उचलेना. पुन्हा गॅरेज. आता म्हणाले, डायनॅमो गेलाय, बदलायला साडेसात हजार लागतील. आम्ही बॅटरी चार्ज करून घेतली आणि डायनॅमोचं नंतर बघू म्हणून घरी आलो.

पुढे गणपतीच्या दोन दिवस आधी आम्ही नारळ आणायला पहाटे वाशीच्या मार्केटला गेलो. येताना ऐरोलीच्या पुलाकडे वळलो तर जोराचा पाऊस. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ जावी म्हणून पंखा, सगळं चालू. लाल दिवा आता मिणमिणता नव्हता, चांगला दिसत होता. हळूहळू हेडलाइट पिवळा पडत गेला. वायपर सावकाश चालायला लागला, मध्येच थांबायला लागला. मागून ट्रेलर येतायत, समोर काही दिसत नाही, गाडीत दोघी आणि दोनशे नारळ. पुलावर गाडी बंद पडली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. पंखा बंद केला, टेप बंद केला, डाव्या कडेने हळू हळू मुलुंडपर्यंत आलो.

त्या संध्याकाळी गटाची बैठक झाली. निम्म्या जणी म्हणाल्या, गाडी विकून टाका. चुकीचं नव्हतं त्यांचं. पण विकली तर कर्ज राहणार आणि डबे पुन्हा रिक्षाने जाणार. तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी त्यांच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांना आणलं. आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. ते आले आणि म्हणाले, "ताई, मी दुरुस्त करणार नाही. तुम्ही मोजा, मी बघतो." त्यांनी हातात मल्टीमीटर दिला. तीन-चारशे रुपयांना मिळणारं हे छोटं यंत्र. एक लाल तार, एक काळी तार आणि आकडा दाखवणारी काच. डीसी व्होल्टच्या वीस आकड्यावर खटका ठेवायचा, एवढंच.

आता त्यांनी शिकवलेलं नीट ऐका, कारण सगळं यातच आहे.

आधी दिवा म्हणजे काय ते समजून घ्या. बॅटरीचा दिवा बॅटरी खराब आहे असं सांगत नाही. चार्जिंगमध्ये काहीतरी गडबड आहे, एवढंच तो सांगतो. गाडीत वीज दोन ठिकाणी असते. बॅटरी म्हणजे साठवणीचा हौद. डायनॅमो, ज्याला अल्टरनेटर म्हणतात, तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो, म्हणजे पाण्याचा पंप. जुन्या गाडीत दिव्याचं एक टोक चावीतून बॅटरीला जोडलेलं असतं, दुसरं टोक डायनॅमोला. दोन हौदांच्या मध्ये नळी असावी तसा हा दिवा आहे. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला असलं की नळीतून पाणी वाहत नाही. इंजिन चालू झालं, डायनॅमो वीज द्यायला लागला, दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट झाले की दिवा विझतो. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त झालं की दिवा पेटतो. फरक थोडा असेल तर मिणमिणता, फरक मोठा असेल तर लख्ख.

आता मोजणी. पहिली मोजणी गाडी बंद असताना, रात्रभर उभी राहिल्यावर. लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. आमची १२.१ होती, म्हणजे नवी बॅटरी अर्धपोटी.

दुसरी मोजणी गाडी चालू करून, हेडलाइट लावून, त्याच जागी. इथे आकडा वर गेला पाहिजे, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. वर गेला नाही तर बॅटरीला खायला मिळत नाही. चौदा-साडेचौदाच्या बराच वर, पंधराच्याही पुढे गेला, तर डायनॅमोचा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळून जाईल. आमचा आकडा आला १२.३. गॅरेजवाला इथेच थांबला होता. इथे थांबलं तर डायनॅमो गेला असंच वाटतं.

काका म्हणाले, आता पंपाच्या तोंडाशी मोजा. ही तिसरी मोजणी. काळी तार बॅटरीच्या मायनसलाच ठेवायची. लाल तार डायनॅमोच्या मागे जाड वायर ज्या बोल्टला बसते त्याला लावायची. आम्ही लावली. आकडा आला १४.३.

बायांनो, आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. डायनॅमो चौदा देतोय, बॅटरीपर्यंत बारा पोचतायत. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? पंप चांगला, हौद चांगला, मग गळती नळात. म्हणजे डायनॅमोपासून बॅटरीपर्यंतच्या त्या एका जाड वायरमध्ये. दिवाही मिणमिणता का, ते कळलं. एका टोकाला बारा, दुसऱ्या टोकाला चौदा, मधले दोन व्होल्ट दिव्यातून वाहत होते. जितका जास्त भार, म्हणजे हेडलाइट, वायपर, पंखा, तितकी त्या वायरवर जास्त गळती आणि तितका दिवा उजळ. दिवा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. आम्हाला वाचता येत नव्हतं.

गाडी बंद केली, थंड होऊ दिली. बॅटरीच्या मायनसची वायर सोडवली. हे विसरायचं नाही, कारण डायनॅमोच्या त्या बोल्टला गाडी बंद असतानाही थेट बॅटरीची वीज असते, पाना चुकून बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. मग बोल्ट काढला. वायरच्या टोकाला जे तांब्याचं कडं असतं, वायरमन लोक त्याला थिंबल म्हणतात, ते हिरवं-काळं पडलेलं. नट सैल. वायरचं वरचं रबर कडक होऊन तडकलेलं. खाडीकडची दमट, खारी हवा, त्यात मुंबईचा पाऊस. जळालेलं टोक कापलं, नवं थिंबल दाबून बसवलं, बोल्ट कागदाने घासून चकचकीत केला, घट्ट आवळला. सामान आणि मजुरी धरून साडेतीनशे रुपये. पुन्हा मोजलं : डायनॅमोला १४.२, बॅटरीला १४. दिवा विझला. त्या वर्षीचे मोदक वेळेवर गेले.

गॅरेजवाल्याने फसवलं असं आम्ही म्हणत नाही. त्याने मोजलं नाही, अंदाज केला. अंदाजाचे पैसे आम्ही भरले.

मायनसच्या बाजूचीही अशीच तपासणी करायची. गाडी चालू, हेडलाइट चालू, काळी तार बॅटरीच्या मायनसला, लाल तार इंजिनच्या उघड्या लोखंडाला. इथे जवळजवळ शून्य आलं पाहिजे. एक-दोन दशांश चालतात. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. जुन्या गाडीत हा बिघाड फार असतो. त्याने मीटरचे काटे वेड्यासारखे हलतात. एक दिवा लावला की दुसराच मंद होतो. इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकलाइट लुकलुकतो. असं एकाच वेळी तीन-चार गोष्टी बिघडल्यासारखं दिसलं तर सामान बदलत बसू नका. ज्या एका ठिकाणी त्या सगळ्या मिळतात तिथे बघा, म्हणजे अर्थ आणि फ्यूज.

आता बाकीचे दिवे थोडक्यात.

तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. तो चालू गाडीत लागला तर बाजूला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करायचं. इथे घरापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही. तेलाशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होतं. आधी काडीने तेल तपासा. तेल बरोबर असेल तर मग विजेचा संशय घ्या. हा दिवा इंजिनवरच्या एका छोट्या स्विचमधून अर्थ मिळाला की लागतो. त्याची वायर कुठे घासून बॉडीला लागली तरी दिवा लागलेलाच राहतो. गाडी न चालवता, चावी फिरवून स्विचवरची वायर काढून बघा. तरीही दिवा लागलेलाच राहिला तर बिघाड वायरमध्ये. दिवा विझला तर वायर ठीक आहे. मग स्विच किंवा खरोखरच तेलाचा दाब. तो मेकॅनिककडून दाबाचं मीटर लावून पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका.

ब्रेकचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो, ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. वळणावर किंवा उतारावरच लुकलुकत असेल तर डबीत तेल कमी झालंय, वळताना ते एका बाजूला जातं. नुसतं तेल ओतून दिवा विझवू नका. तेल कमी झालं म्हणजे ब्रेकचे पॅड झिजलेत किंवा कुठे गळतंय. ते आधी शोधा.

बॅटरीचा दिवा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर गेले तर पट्टा तुटला असं समजा. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा डायनॅमोही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. थांबा. नुसता बॅटरीचा दिवा असेल, पट्टा जागेवर असेल आणि तापमान बरोबर असेल तर गाडी काही अंतर बॅटरीवर चालते. किती, ते काढता येतं. दोन हेडलाइट ५५-५५ वॅटचे, म्हणजे बारा व्होल्टवर नऊ अँपिअर. वायपर, इंजिनचं स्वतःचं काम धरून पंधरा समजा. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास पुरते. प्रत्यक्षात व्होल्ट आधीच पडतात, म्हणून तासभर धरा, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. दिवसा हेडलाइट नसेल तर जास्त. पंखा, टेप, मोबाइलचं चार्जर बंद करा, मध्ये इंजिन बंद करू नका, कारण पुन्हा सेल्फ मारायला जोर उरणार नाही. रात्री बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात निघालेल्या गाडीत हा हिशेब माहीत असणं कामाचं आहे.

पिवळा दिवा, ज्यात इंजिनचं चित्र असतं, तो जरा नव्या गाड्यांत. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखव. पण पिवळा लुकलुकत असेल तर हळू चालवून लवकर थांबा. आपल्याकडे २०१३ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक खोबण असते, तिथे स्कॅनर लावला की बिघाडाचा नंबर मिळतो. लक्षात ठेवा, नंबर म्हणजे बदलायच्या भागाचं नाव नव्हे. सेन्सरचा नंबर आला तरी सेन्सर चांगला आणि त्याची वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. पावसाळ्यात इंजिनच्या उबेला उंदीर येतात, हे गावाकडे तुम्हाला सांगायला नको.

आता आमची एक चूक सांगतो, लपवत नाही. मागे एकदा आमचा फ्यूज सारखा उडायचा. आम्ही त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली. दोन दिवसांनी डॅशबोर्डमधून धूर आला. नशिबाने गाडी उभी होती. फ्यूज हा घरातल्या राखणदारासारखा आहे, तो ओरडला म्हणून त्याचं तोंड बांधायचं नसतं. दहाचा फ्यूज लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. ज्या जागी जो होता तोच. पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय, ती शोधायची.

काही गोष्टी कधीच करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासायची जुनी पद्धत आहे. त्याने व्होल्ट एकदम उसळून गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. इंजिन चालू असताना मोजायचं तर पदर खोचा, वेणी बांधा, ओढणी आणि बांगड्या काढून ठेवा, हात पट्ट्यापासून लांब. बॅटरीजवळ काडी, उदबत्ती, बिडी नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साचलं तर आधी मायनस, मग प्लस सोडवा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, आधी प्लस, मग मायनस जोडा, वर व्हॅसलिनचा हात फिरवा. सोडा बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका.

आणि जुनी गाडी विकत घेताना एवढं करा. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा. सगळे दिवे लागले पाहिजेत. इंजिन चालू केल्यावर एकेक विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याची जास्त भीती बाळगा. बल्ब गेला असेल, नाहीतर बिघाड लपवायला कुणीतरी काढून टाकला असेल. काही जुन्या गाड्यांत बॅटरीच्या दिव्याचा बल्बच गेला तर डायनॅमो चार्जिंग सुरूसुद्धा करत नाही, कारण पहिला जोर त्याला त्या दिव्यातूनच मिळतो.

जाता जाता एक गोष्ट. जगातला मोटारीचा पहिला लांब प्रवास एका बाईने केला. जर्मनीत १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. इंजिनला ठिणगी देणाऱ्या वायरचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. म्हणजे गाडीच्या वायरीचा बिघाड दुरुस्त करणाऱ्या पहिल्या माणसांत एक माहेरवाशीण होती. तेव्हा हे काम आपलं नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला हे सांगा.

आता आमच्या गाडीत एक डबा असतो. मल्टीमीटर, दोन पाने, प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज, कागद, चिकटपट्टी, टॉर्च. आणि एक वही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तीन आकडे लिहितो : गाडी बंद असताना बॅटरी, चालू असताना बॅटरी, चालू असताना डायनॅमो. पाळी लावलीय, दर महिन्याला वेगळी बाई मोजते, म्हणजे बाराही जणींना येतं. गॅरेजला जाताना वही घेऊन जातो. आकडे दाखवले की समोरचा माणूसही अंदाज सोडून मोजायला लागतो.

तुमच्या गटाची जीप असो, पिकअप असो, ट्रॅक्टर असो, बारा व्होल्टची बॅटरी आणि चार्जिंगचा दिवा तिथेही आहे. पुढच्या बैठकीला गाडी अंगणात लावा आणि हे तीन आकडे घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.